भागीतला टेम्पो

टेम्पो बुडाला बुधवारी दुपारी तीन वाजता. पण घराला ते खरं वाटलं शनिवारी संध्याकाळी, कल्याणहून चिठ्ठी आली तेव्हा. चिठ्ठीत चारच शब्द होते. उद्या सकाळी अकराला येतो. खाली उस्मान मास्तरांची सही.

मधल्या भावाने, गुणाजीने, ती दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा वाचल्यावरही मजकूर तेवढाच होता.

"येऊ दे," दामाजी म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला. घरातला थोरला म्हणून निर्णय त्याने घ्यायचा असायचा आणि तो घ्यायची वेळ आली की तो ओट्यावर जाऊन बसायचा. त्याच्या बायकोला, सगुणाला, लग्न होऊन एकवीस वर्षं झाली होती, तिला हे नवीन नव्हतं. तिने चुलीवरचं कालवण उतरवलं, हात पुसले आणि दाराला टेकून उभी राहिली. आज बोलणं लांबणार होतं.

झालं होतं ते असं. बुधवारी खाडीपलीकडे मंजुळाच्या माहेरी तिच्या भावाची हळद होती. मंजुळा म्हणजे धाकट्या नाथाची बायको. हळदीला बियर लागते, आणि मेव्हण्याच्या हळदीला ती आणायला नाथा लागतो. त्याने ठाण्यातून बारा बॉक्स भरले आणि टेम्पो कोलशेतच्या बंदरावर आणला. तिथून माल होडीत घालून पलीकडे न्यायचा होता. बॉक्स उचलून वीस पावलं चालायला नको म्हणून त्याने टेम्पो उलटा घेत उतारावरून थेट पाण्याच्या कडेला नेला, हँडब्रेक ओढला आणि दोरी सोडायला खाली उतरला. हँडब्रेकने थोडा वेळ धरलं, मग सोडलं. भरती लागलेली होती. नाथा दोरीचं टोक हातात धरून उभा राहिला आणि टेम्पो त्याच्या देखत खाडीत गेला.

नाथा त्या दिवशी प्यायलेला नव्हता. पुढचे चार दिवस ही गोष्ट घरात त्याच्या बाजूने सांगितली जात होती. तिने त्याची बाजू सुधारते की बिघडते, हे मात्र कुणाला नीट ठरवता आलं नाही.

गावातली सहा पोरं लगेच पाण्यात उतरली. कोळ्यांची पोरं ती, बारापैकी बारा बॉक्स वर आणले. एकही बाटली फुटलेली नव्हती. बॉक्स होडीत चढले, पलीकडे पोचले आणि हळद वेळेवर झाली. टेम्पो ओढायला ट्रॅक्टर पाहिजे होता आणि ट्रॅक्टरवाला पलीकडे हळदीला गेलेला. त्यामुळे टेम्पो दोन भरत्या खाऱ्या पाण्यात राहिला. गुरुवारी काढला तेव्हा इंजिनात चिखल होता आणि चासी खडकावर आपटून वाकडी झालेली. भंगारवाल्याने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पंधरा हजार. उद्या विचाराल तर चौदा." दामाजीने पंधरा घेतले आणि देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवले. त्या डब्याकडे तेव्हापासून कुणी बघत नव्हतं.

टेम्पो एक लाखाचा. त्यातले वीस हजार घरचे, जुनी होडी विकून आलेले. ऐंशी हजार उस्मान मास्तरांच्या मंडळाचे. बँकेने पगारदार जामीन मागितला होता, आणि घरातला एकमेव पगारदार गुणाजी याला त्या आठवड्यात आपली पगाराची स्लिप कुठे ठेवली ते आठवत नव्हतं. तेव्हा सगुणाने कल्याणच्या बाजारात हलीमाबीपाशी गाऱ्हाणं केलं. सगुणा तिथे फुटपाथवर मासे विकायची आणि हलीमाबी तिच्या शेजारी अंडी. ती म्हणाली, "आमच्या मास्तरांकडे ये की. व्याज नाही, काही नाही. पण प्रश्न फार विचारतात."

प्रश्न खरंच फार विचारले गेले. 'सफीना बिनव्याजी मंडळ' दूधनाक्याजवळ एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर भरायचं. शिंपी, मागावरचे कामगार, एक कंपाउंडर, हलीमाबी, अशा लोकांची ठेव. मास्तर नगरपालिकेच्या मराठी शाळेत तीस वर्षं व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. मंडळ व्याज घेत नव्हतं, देत नव्हतं. ते धंद्यात भागी घ्यायचं. नफा झाला तर निम्मा निम्मा. तोटा झाला तर ज्याचा जेवढा पैसा तेवढा त्याचा तोटा. दारू, जुगार, लॉटरीत पैसा घालायचा नाही. त्याखाली मास्तरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती, की ज्या धंद्याच्या सांडपाण्याने जीव मरतात त्यातही नाही. गुणाजी कोलशेतच्या ज्या रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, त्याच्या नाल्याच्या तोंडाशी आठवड्यातून दोनदा मासे उलटे तरंगायचे. ती ओळ ऐकून दामाजी हसला होता आणि मग त्याने सही केली होती.

विमा फक्त सरकारने सक्तीचा केलेला, म्हणजे दुसऱ्याला लागलं तर त्याच्या भरपाईचा. पुरा विमा मास्तरांना व्याजाचा चुलतभाऊ वाटायचा.

चौदा महिने टेम्पोने भाऊच्या धक्क्यावरून मासे आणले आणि कल्याण, आंबिवली, खडवलीपर्यंत पोचवले. दर महिन्याला दामाजी मंडळाचा वाटा गिरणीच्या माळ्यावर नेऊन द्यायचा. परत येताना त्याच्या बंडीवर पीठ असायचं.

"कलम पाच," गुणाजी आत कंदिलाशी बसून वाचत होता. वीज गेलेली. "सदर टेम्पोतून दारू अगर मादक पदार्थ वाहिले जाणार नाहीत. कलम सात. कारभार बघणाऱ्याच्या चुकीने, अगर अट मोडल्याने नुकसान झाल्यास ते सर्व त्याने भरून द्यावे."

"म्हंजे किती?" मनुबाईंनी विचारलं. सासूबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या.

"ऐंशी हजार. भंगारातले त्यांच्या वाट्याचे बारा वजा केले तर अडुसष्ट."

सुपारी कातरायचा आवाज थांबला.

"आनि अट मोडलीच नसती तर?"

"तर तोटा ज्याचा त्याचा. आपले वीस गेले, त्यांचे ऐंशी गेले. आपण एक पैसा देणं लागत नाय."

हे ऐकून दामाजी ओट्यावरून आत आला.

"बियर होती ते त्यांना कोन सांगतंय?" मंजुळा म्हणाली. ती आतल्या दारात उभी होती. "आनि माज्या भावाच्या हळदीला कुनी बोल लावायचा नाय. तुमच्याच भावानं सोताहून आनून दिलेली."

"बोल कोण लावतंय?" सगुणा म्हणाली. "भाडं तरी घेतलं होतं का तुझ्या बाबांकडून?"

"पाहुन्यांकडून कोन भाडं घेतं, ताई?"

"तेच म्हणते मी. फुकट गेला."

नाथा कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसला होता. बुधवारपासून तो बोलतच नव्हता.

"ब्रेक फेल झाला म्हनू," दामाजी म्हणाला.

गुणाजीने मान हलवली. "ब्रेक म्हटलं की गॅरेजची पावती मागतील. शेवटचं काम कधी केलं, कुणी केलं. म्हैस म्हणा. बंदरावर म्हैस आडवी आली, तिला वाचवायला गेला, गाडी पाण्यात गेली. म्हशीची पावती नसते."

सगळ्यांनी थोडा वेळ म्हशीचा विचार केला. म्हशीत काही खोट दिसत नव्हती.

"पन एकानंच बोला," मनुबाई म्हणाल्या. "सगले बोललं की चुकतं. दामा बोलंल. बाकीच्यांनी चा प्यायचा."

गुणाजीने डोंबिवलीत फ्लॅट नोंदवला होता. पंधरा हजार भरले होते आणि त्याची बायको चित्रा तिथेच माहेरी राहून बांधकामावर लक्ष ठेवत होती. अडुसष्ट हजार भरायचे झाले तर त्यातला किती वाटा त्याच्याकडे मागितला जाईल, याचा हिशेब त्याने गुरुवारीच केला होता. म्हशीत त्याचा जीव होता.

"तू काय म्हनतेस?" दामाजीने सगुणाला विचारलं.

सगुणाच्या हातात तीन तोळ्यांच्या पाटल्या होत्या. घरात विकण्यासारखं तेवढंच होतं, आणि हे तिच्याइतकंच बाकीच्यांनाही माहीत होतं. कुणी पाटल्यांकडे बघत नव्हतं. न बघायचं इतकं जमवून आणलेलं होतं की तिला ते जाणवलं.

"म्हैस ठीक आहे," ती म्हणाली.

*

रविवारी अकराला पाच कमी असताना उस्मान मास्तर आले. पांढरा लेंगा, खांद्याला कापडी पिशवी. त्यांच्यामागून हलीमाबी चढावाने दम लागून येत होती. ती येईल हे सगुणाला माहीत नव्हतं. हलीमाबी बाजाराबाहेर पहिल्यांदाच दिसत होती आणि बुरख्याखाली चांगली साडी नेसून आली होती.

"ज्यांनी या टेम्पोत पैसे घातले ते तेवीस जण आहेत," मास्तर चपला काढत म्हणाले. "त्यांच्यातल्या एकाने माझ्याबरोबर यावं असा आमचा नियम आहे. चिठ्ठी टाकली, यांची निघाली."

"माझं नशीब," हलीमाबी म्हणाली आणि सगुणाकडे बघून हसली. "घर चांगलं आहे गं तुझं. वारा येतो."

चहा आला. मास्तरांनी कप हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो नाथाला.

"तुम्हाला लागलं नाही ना कुठे?"

चार दिवसांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. बायकोने नाही, आईनेही नाही. नाथाने मान वर केली, "नाय, मास्तर," म्हणाला आणि पुन्हा खाली घातली.

"अल्लाची मेहरबानी. गाडी काय, लोखंडाची." मास्तरांनी पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं. "आता सांगा. कसं झालं?"

दामाजीने सांगितलं. चांगलं सांगितलं. बर्फ भरायला नाथा बंदरावर गेला, उतारावर म्हैस आडवी आली, त्याने वळवलं आणि मागचं चाक घसरलं. सगुणाला वाटलं, आपण तिथे असतो तर आपल्यालाही म्हैस दिसली असती.

"म्हैस," मास्तरांनी लिहून घेतलं. "कुणाची होती?"

हे कुणी ठरवलं नव्हतं.

"मोकाट," गुणाजी म्हणाला.

"तबेल्याची," त्याच क्षणी दामाजी म्हणाला.

मनुबाईंनी डोळे मिटले.

"तबेल्याची, मोकाट सुटलेली," मास्तर लिहिता लिहिता म्हणाले. मग त्यांनी मान वर करून फक्त दामाजीकडे बघितलं. "आणि आपल्या कागदातल्या अटी? त्या पाळल्या गेल्या होत्या?"

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर भाषण चालू होतं. दामाजीने ते थोडं ऐकलं.

"हो," तो म्हणाला.

"बरं. तुमच्या शब्दावर लिहितो."

त्यांनी लिहिलं. मग दामाजीने डबा आणून समोर ठेवला. मास्तरांनी पंधरा हजार मोजले आणि दोन गठ्ठे केले. मोठा आपल्या पिशवीत ठेवला, लहान दामाजीकडे सरकवला.

"हे तीन हजार तुमचे. वीस हजारांच्या प्रमाणात तुमचा वाटा."

दामाजी त्या पैशांकडे बघत राहिला. घ्यायचे की नाही, हेही कुणी ठरवलेलं नव्हतं.

"आणखी एक," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला. "आमचे पैसे गेले तसे तुमचे चौदा महिन्यांचे कष्टही गेले. पहाटे तीनला धक्क्यावर जाणं काही सोपं नाही. त्याची भरपाई मंडळ करू शकत नाही. तेवढी आमची ताकद नाही. त्याबद्दल मी मंडळाच्या वतीने माफी मागतो."

गुणाजी खोकला. दामाजीने धोतराचं टोक सारखं केलं. सगुणाने हलीमाबीकडे बघितलं. हलीमाबी बशीतून चहा पीत होती.

"तुझे किती होते गं?" सगुणाने विचारलं. तिला ते माहीत होतं.

"चार हजार."

"आता?"

"मास्तर म्हणाले, सहाशे येतील."

"आणि गाळा?"

मंडईच्या आतल्या बाजूला छपराखाली गाळा घ्यायचा म्हणून हलीमाबी सहा वर्षं पैसे साठवत होती. टेम्पोच्या नफ्यातून लवकर जमतील, असं सगुणानेच तिला सांगितलं होतं. माझ्या हातात दिलेत असं समज, हेही तिचेच शब्द.

"गाळ्याचं काय," हलीमाबी म्हणाली. "अठरा वर्षं उन्हात बसले, आणखी बसेन. तू जिवाला लावून घेऊ नको सगुणा. म्हशीला कोण काय करणार?" आणि तिने बशी पुन्हा तोंडाला लावली.

"म्हैस नव्हती," सगुणा म्हणाली.

आपण हे मोठ्याने बोललो की काय, असं तिला वाटलं. मग दामाजीचं तोंड दिसलं आणि खात्री पटली.

"सगुणा," दामाजी म्हणाला.

"बियर होती, मास्तर. बारा बॉक्स. हळदीची."

"वैनीला काय माहीत?" गुणाजी घाईने म्हणाला. "ती घरात होती. तिनं बघितलंय कुठं?"

"मी बघितलंय," कोपऱ्यातून आवाज आला. नाथा उठून उभा राहिला होता. "मीच होतो. बियर होती, मास्तर. म्हैस बिस काय नव्हती."

मग त्याने सगळं सांगितलं, उलटा घेतलेला टेम्पो, हँडब्रेक, दोरी. चार दिवसांचं साठलेलं बोलणं होतं, त्यामुळे पाच-सात मिनिटं लागली. मास्तरांनी त्यातलं काही लिहून घेतलं नाही. शेवटी दोनच गोष्टी विचारल्या.

"बॉक्स आधी काढले?"

"हो."

"आणि टेम्पो?"

"दुसऱ्या दिवशी."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

हलीमाबीने बशी खाली ठेवली. तीत अजून दोन घोट होते. ती उठली, बुरखा नीट केला आणि सगुणासमोर येऊन थांबली.

"हे चहा द्यायच्या आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन ओट्याच्या पायरीवर बसली. तिथून तिची पाठ दिसत होती.

मास्तरांनी वही पुन्हा उघडली. 'म्हैस' या शब्दावर पट्टी ठेवून एकच रेघ ओढली.

"असं खोडायचं की खालचं वाचता आलं पाहिजे," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "शाळेत मुलांनाही हेच सांगायचो."

दामाजीने तीन हजारांचा गठ्ठा उचलून त्यांच्यासमोर ठेवला. दोन नोटा खाली पडल्या. त्या त्याने स्वतः वाकून उचलल्या.

"किती उरले?"

"पासष्ट हजार."

"आनि व्याज किती लावनार?" गुणाजीने सवयीने विचारलं.

मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने बियरच मागितली होती. "पासष्टचे पासष्ट. दहा वर्षं लागली तरी पासष्ट. एक रुपया वर घेतला तर मला मंडळाला उत्तर द्यावं लागेल."

गुणाजी मनातल्या मनात हिशेब करू लागला. बँकेत सात वर्षांत रक्कम दुप्पट व्हायची. तोंड उघडून तो म्हणाला, "दादूस, म्हंजे आपन जेवढं उशिरा देऊ तेवढं..." मग दामाजीकडे बघून त्याने वाक्य तिथेच सोडलं. थोड्या वेळाने दुसरं घेतलं. "तसं बघितलं तर कागदावर माझी सही नाय."

"तुजी सही कंदी कुठं असते?" मनुबाई म्हणाल्या. "तुना डोंबिवलीला जायचं ना? जा. आजच जा. पन सनाला यायचा."

गुणाजी उठला नाही. त्याला अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि तेवढंच सुटल्यासारखंही. दोन्हींतलं काय चेहऱ्यावर आणावं ते त्याला ठरवता येईना.

सगुणाने पाटल्या काढायला सुरुवात केली. एकवीस वर्षांत हात भरला होता, उजवी निघाली, डावी अडकली. मास्तर हात वर करून म्हणाले, "राहू द्या. मंडळ दागिना घेत नाही, गहाण तर नाहीच. विकायच्या की नाही ते तुम्ही नंतर ठरवा. महिन्याला किती जमेल ते सांगा, तेवढं लिहितो."

"पाचशे," दामाजी म्हणाला. तेही त्याला जास्तच वाटत होते.

"पाचशेने सुमारे अकरा वर्षं होतात."

"व्हतील."

मास्तरांनी नवीन पान घेतलं, सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिला आणि पुढे केला. दामाजीने सही केली. नाथाने न विचारता पेन त्याच्या हातातून घेतलं आणि खाली आपलं नाव लिहिलं. सात अक्षरांना त्याला बराच वेळ लागला. मास्तर म्हणाले, याची गरज नव्हती. नाथा म्हणाला, असू द्या.

पेन खाली ठेवायच्या आधीच मंजुळाने घेतलं.

ती आतल्या दारातून कधी पुढे आली ते कुणी पाहिलं नव्हतं. पुरुषांच्या बैठकीत ती कधी येत नसे. दहावी झालेली सून म्हणून तिला आणताना तिच्या बाबांनी एकच अट घातली होती, आमची पोरगी डोक्यावर माशांची पाटी घेणार नाही. पाच वर्षं ती अट घराने पाळली होती, आणि पाच वर्षं सगुणा ती रोज पहाटे पाटी उचलताना आठवत आली होती.

"हजार लिहा," मंजुळा मास्तरांना म्हणाली.

"काय?"

"महिन्याला हजार. पाचशे मोठे भावजी देतील, पाचशे मी. मी ताईंबरोबर बाजारात बसेन."

नाथा म्हणाला, "अगं, तुझ्या बाबांना कबूल केलेलं..."

"बाबांना मी सांगते. हळद माज्या भावाची होती. बाटल्या वर काढल्या तेव्हा मी पलीकडल्या किनाऱ्यावर उभी होते. टेम्पो राहू द्या, आधी बॉक्स घ्या, हे मीच ओरडून सांगितलेलं."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. नाथाला माहीत होतं, कारण ते ओरडणं त्याच्यासाठी होतं. चार दिवस तो का बोलत नव्हता ते सगुणाला आता कळलं.

मास्तरांनी पाचशे खोडून हजार केले. एकच रेघ. मंजुळाने सही केली, पूर्ण नाव, वळणदार. मास्तर अक्षराकडे जरा वेळ बघत राहिले. त्यांना आवडलं असावं.

सगुणाने पाटली परत हातात घातली. मग जावेकडे बघितलं.

"उद्या चारला उठावं लागेल," ती म्हणाली.

"उठेन."

"चारला म्हणजे चारला."

"उठेन म्हनलं ना, ताई."

*

सोमवारी मंजुळा साडेतीनलाच उठून बसली होती. पाटी डोक्यावर घेताना मान अवघडली, पण ती तसं म्हणाली नाही आणि सगुणाने विचारलं नाही. नाथाला एका बर्फवाल्याकडे ड्रायव्हरची नोकरी मिळायची होती. बर्फवाल्याने त्याला आधी आठवडाभर मजुरी करायला लावली, हँडब्रेकला हात न लावता.

कल्याणच्या बाजारात हलीमाबी आपल्या जागेवर होती. भंगाराच्या पंधरा हजारांतून तिच्या वाट्याला सहाशेऐवजी साडेसातशे आले होते. शेजारी दोन पाट्या मांडल्या गेल्या तरी तिने बघितलं नाही. सोमवारी ती सगुणाशी बोलली नाही. मंगळवारीही नाही. सुटे पैसे लागले तेव्हा ती पलीकडच्या लिंबूवाल्याकडे गेली. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. सगुणाने ते मुकाट्याने घेतलं. आपलं चुकलं होतं आणि कुठल्या कपाला चुकलं होतं, तेही तिला माहीत होतं.

बुधवार माशांचा वार. गर्दी चांगली होती. मंजुळाने बोंबलांचे वाटे लावले होते, देखणे, एकसारखे. पण गिऱ्हाईक समोर थांबलं की तिचा आवाज जायचा. कुणी भाव विचारला की ती वाट्याकडे बघून काहीतरी पुटपुटायची, गिऱ्हाईक "किती?" म्हणून पुन्हा विचारायचं, आणि तिसऱ्यांदा विचारण्याऐवजी पुढे जायचं. अकरा वाजेपर्यंत तिचे दोन वाटे गेले. दोन्ही पाच रुपये कमी घेऊन.

सगुणा मधे पडणार होती. पण तिलाही गिऱ्हाईक होतं.

एक बाई आली, शाळेतली शिक्षिका असावी, हातात छत्री. तिने मंजुळाला विचारलं, "कसा दिला वाटा?"

मंजुळाने मान खाली घातली. "पंधरा," ती बोंबलांना म्हणाली.

"काय?"

पलीकडे अंड्यांचा ट्रे जोरात खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"ए पोरी," हलीमाबी म्हणाली. तीन दिवसांतलं ते तिचं पहिलं बोलणं होतं आणि अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल इतकं मोठं होतं. "भाव सांगताना खाली बघायचं नाही. वर बघ. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघ. तुझ्यात माझे सव्वातीन हजार आहेत."